गिटारवाले गप्प बसतात तेव्हा

दूरदर्शनवर 'स्ट्रीट हॉक' बघितलेली पिढी आता पन्नाशीच्या आसपास आहे. काळी मोटारसायकल, हेल्मेटमधला नायक आणि सुरुवातीलाच कानावर आदळणारी ती धावती इलेक्ट्रॉनिक धून. ती टँजरीन ड्रीम या जर्मन गटाची होती, हे तेव्हा आपल्याला कुणी सांगितलं नाही. त्याआधी पंधरा वर्षं हाच गट बर्लिनमध्ये गिटार आणि ड्रम घेऊन कानठळ्या बसवत होता, हे कळायला तर आणखी बराच काळ गेला. 'चॅरियट्स ऑफ फायर'ची धून शाळांच्या बक्षीस समारंभात आजही वाजते. ती करणारा व्हँगेलिस हा डेमिस रूसोसबरोबर अ‍ॅफ्रोडाइट्स चाइल्ड या ग्रीक सायकेडेलिक रॉक बँडमध्ये होता. कार्ल सेगनच्या 'कॉसमॉस' मालिकेचं शीर्षकसंगीतही त्याचंच, 1975 च्या 'हेवन अँड हेल'मधून घेतलेलं. म्हणजे अंतराळ म्हटलं की आपल्या कानात जो आवाज घुमतो, तो मुळात केस वाढवलेल्या रॉकवाल्यांनी घडवलेला आहे.

हे कसं झालं, आणि ते ऐकायचं कसं, हा या लेखाचा विषय. साठच्या दशकाच्या शेवटी ज्यांनी रॉकचा आवाज सगळ्यात चढवला, त्यांच्यातल्याच अनेकांनी पुढच्या चार-पाच वर्षांत ड्रम बाजूला सारले, गाणं काढून टाकलं आणि वीस-वीस मिनिटं एका सुराभोवती रेंगाळणारं, बिनशब्दांचं संगीत केलं. त्याला 'अँबियंट' हे नाव रूढ केलं ब्रायन ईनोने. तोही रॉक्सी म्युझिक या रॉक बँडमधूनच बाहेर पडलेला. जानेवारी 1975 मध्ये टॅक्सीने धडक दिल्यामुळे तो अंथरुणाला खिळला होता. कुणीतरी हार्पची तबकडी लावून दिली, आवाज फारच कमी राहिला आणि उठून वाढवायचं त्राण अंगात नव्हतं. पावसाच्या आवाजात मिसळून जेमतेम ऐकू येणारं ते संगीत त्याला पटलं. त्याच वर्षी 'डिस्क्रीट म्युझिक' आणि 1978 मध्ये 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' आलं. लक्ष दिलं तर गुंतवणारं आणि नाही दिलं तर त्रास न देणारं संगीत, अशी त्याची मांडणी होती. मांडणी नीटस असल्यामुळे श्रेयही बरंचसं त्याच्या पदरात गेलं. खरं तर बर्लिनची मंडळी ते आधीपासून करत होती, फक्त त्यांनी त्याचं शास्त्र मांडलं नव्हतं.

टँजरीन ड्रीमची पहिली तबकडी 'इलेक्ट्रॉनिक मेडिटेशन' 1970 ची. नावात इलेक्ट्रॉनिक आहे, आत एकही सिंथेसायझर नाही. एडगर फ्रोझेची गिटार, क्लाउस शुल्त्सेचे ड्रम, कॉनराड श्निट्झलरचा चेलो असा तो धिंगाणा आहे. दोनच वर्षांनी त्याच नावाखाली 'त्साइट' आलं: चार बाजू, चार रचना, सुरुवातीला चार चेलो आणि ताल जवळपास नाहीच. हे म्हणजे नमनालाच घडाभर तेल, असं कुणी म्हटलं तर मी भांडणार नाही. पण 1974 चं 'फेड्रा' ऐका. मूग सिंथेसायझर चालू होऊन तापला की त्याचे सूर सरकत, आणि शीर्षकरचनेत तो सरकलेला सूर तसाच राहिलेला आहे. एखाद्या शास्त्रशुद्ध संगीतकाराने तो भाग पुसून पुन्हा ध्वनिमुद्रित केला असता. रॉकवाल्याला फीडबॅकची, म्हणजे यंत्राच्या खोडीतून संगीत काढण्याची सवय होती, म्हणून तो त्या खोडीच्या मागे गेला. हे संगीत रॉकवाल्यांच्याच हातून सजीव का झालं, याचं मला पटलेलं कारण हेच आहे. आवाजाचं वजन किती, तो किती वेळ टिकतो, कुठे फाटतो, हे त्यांना कागदावरून शिकावं लागलं नव्हतं. अ‍ॅम्प्लिफायरसमोर उभं राहून ते अंगात भिनलं होतं.

त्याच पहिल्या तबकडीवरचा ड्रमवादक शुल्त्से लगेच बाहेर पडला आणि 1972 मध्ये त्याने 'इरलिष्ट' केलं, तेही सिंथेसायझरशिवाय, मोडतोड केलेल्या ऑर्गनवर आणि वाद्यवृंदाच्या उलट्या फिरवलेल्या टेपवर. ढोल बडवणारा माणूस तालाशिवाय काय करू शकतो, याचा हा नमुना. अ‍ॅश रा टेम्पलचा गिटारवादक मान्युएल ग्योट्शिंग याने 1975 मध्ये 'इन्व्हेन्शन्स फॉर इलेक्ट्रिक गिटार' ही सिंथेसायझर वाटावी अशी तबकडी फक्त गिटारवर केली. 12 डिसेंबर 1981 रोजी घरच्या स्टुडिओत त्याने एका बैठकीत जवळपास तासभर वाजवलं. विमानप्रवासात ऐकायला काहीतरी हवं, एवढाच हेतू. दोन सुरावटींचा झोका सतत चालू राहतो आणि अर्धा वेळ उलटून गेल्यावर कुठे गिटार येते. ती येते तेव्हा एरवी साधी वाटली असती अशी फिरतही अंगावर काटा आणते, कारण तोवर कान तिच्यासाठी भुकेला झालेला असतो. 'ई2-ई4' या नावाने ते 1984 मध्ये निघालं. बुद्धिबळातली ती पहिली चाल. मला विचाराल तर या सगळ्या परंपरेतलं सगळ्यात उंच टोक हेच.

हे घडवण्याची एक युक्ती समजून घेतली तर ऐकणं सोपं जातं. दोन टेपरेकॉर्डर शेजारी ठेवायचे आणि एकाच टेपचं रीळ पहिल्यातून दुसऱ्यात ओढायचं. पहिलं यंत्र वाजवलेला सूर टिपतं. टेप दुसऱ्यापर्यंत पोचली की तो काही सेकंदांनी परत ऐकू येतो आणि पुन्हा पहिल्याकडे पाठवला जातो. दोन यंत्रांतलं अंतर वाढवलं की परतायला जास्त वेळ लागतो. प्रत्येक फेरीत सूर थोडा मऊ, थोडा अंधूक होतो. किंग क्रिम्सनचा रॉबर्ट फ्रिप आणि ईनो यांनी 1973 मध्ये 'नो पुसीफूटिंग'साठी हेच वापरलं. एकटा गिटारवादक स्वतःच्याच मागच्या सुरांची साथ घेत बसतो. ही तऱ्हा त्यांच्या आधी अमेरिकेत टेरी रायलीने वापरली होती, आणि रायलीचं नाव आलं की आपल्याला महाराष्ट्रात यावं लागतं.

टेरी रायली आणि ला माँट यंग हे दोघेही पंडित प्राणनाथांचे गंडाबंध शिष्य. प्राणनाथ किराणा घराण्याचे, अब्दुल वहीद खाँसाहेबांकडे शिकलेले. 1970 नंतर त्यांचा मुक्काम प्रामुख्याने अमेरिकेत. त्याच किराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले होते, आणि मिरजेच्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ आजही दरवर्षी गायक हजेरी लावतात. सूर लावायचा, त्यावर थांबायचं, घाई करायची नाही, हा किराण्याचा स्वभाव. रायलीचं 'अ रेनबो इन कर्व्ड एअर' 1969 चं, म्हणजे प्राणनाथांच्या आधीचं. त्यामुळे सगळं आमच्याकडूनच गेलं, अशी बढाई मारायचं कारण नाही. जर्मनांनी तर चर्चचा ऑर्गन, स्टॉकहाउझेनसारखा संगीतकार आणि युद्धानंतरची मोडकी शहरं यातून आपला रस्ता काढला. पण पोपोल वूह या गटाच्या 1972 च्या 'होझियाना मंत्रा'वर पियानो आणि ओबोच्या मागे तानपुरा वाजतो आहे, हेही कानाला ऐकू येतं. त्यांच्या फ्लोरियन फ्रिकेने जर्मनीतल्या अगदी पहिल्या मूगपैकी एक विकत घेतला होता. दोन तबकड्यांतच तो त्याने बाजूला ठेवला आणि पुढे शुल्त्सेला विकला.

मिरजेचा तानपुरा ज्याने जवारी लावताना पाहिला आहे, त्याला या संगीताचं मर्म सांगावं लागणार नाही. पंढरपूरकडच्या भोपळ्याचा तुंबा असतो. त्यावरच्या घोडीचा माथा कानसने अगदी किंचित उताराचा केलेला असतो. तार तिथे टेकते न टेकते अशी ठेवायची आणि खाली सुताचा दोरा सरकवत जायचा. एका जागी तार बद्द वाजते, केसभर पुढे गेली की एकाच तारेतून वरचे आठ-दहा स्वर झळाळून उठतात. सिंथेसायझरवर फिल्टरचं बटण फिरवताना जे घडतं, ते याच्या फार जवळचं आहे. फरक आहे तो कानाच्या सवयीत. आपण तानपुरा ऐकत नाही, तानपुऱ्यासमोरचा गायक ऐकतो. लहानपणापासून आपल्याला हेच शिकवलं की मागे जे सुरू आहे ती साथ. या रॉकवाल्यांनी गायकाला उठवलं आणि साथीलाच मैफल दिली. म्हणून आपल्याकडच्या चांगल्या जाणत्या श्रोत्यालाही हे संगीत ऐकताना 'आता सुरू होईल, मग सुरू होईल' असं वाटत राहतं आणि तबकडी संपते.

महाराष्ट्रात या मंडळींच्या पाऊलखुणा बऱ्याच आहेत. जानेवारी 1968 मध्ये जॉर्ज हॅरिसन मुंबईत आला आणि एचएमव्हीच्या स्टुडिओत त्याने 'वंडरवॉल' या चित्रपटासाठी भारतीय वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण केलं. शिवकुमार शर्मांचं संतूर, आशिष खाँचं सरोद, विनायक व्होरांची तारशहनाई. बीटल्सपैकी कुणाचीही ही पहिली स्वतंत्र तबकडी. त्यातली 'ड्रीम सीन' ही रचना आजही चकित करते. पुढच्या वर्षी त्याने मूगवर 'इलेक्ट्रॉनिक साउंड' काढलं. ते मात्र नव्या खेळण्याची बटणं दाबून पाहणं आहे. शिवाय त्यातली एक बाजू मुळात आपण दिलेलं प्रात्यक्षिक होतं, अशी तक्रार बर्नी क्राउस या वादकाने केली होती. मुंबईतल्या माणसांसोबत केलेलं काम टिकलं आणि यंत्रासोबत एकट्याने केलेलं विरलं, एवढं नोंदवून पुढे जाऊ.

नगरजवळ अरणगावला मेहेरबाबांची समाधी आहे. द हू या बँडचा पीट टाउनशेंड मेहेरबाबांचा भक्त. 1971 चं त्याचं प्रसिद्ध 'बाबा ओ'रायली' हे नाव मेहेरबाबा आणि टेरी रायली या दोघांना जोडून केलेलं. गाण्याच्या सुरुवातीचा तो फिरता, चक्राकार ऑर्गन सगळ्यांना माहीत असतो. त्याची बिनगाण्याची, नऊ मिनिटांहून मोठी आवृत्ती टाउनशेंडने 1972 मध्ये बाबांना वाहिलेल्या 'आय अ‍ॅम' या तबकडीवर दिली. गाणं काढून टाकल्यावर खाली काय उरतं, हे जाणून घ्यायचं असेल तर दोन्ही पाठोपाठ ऐकावीत.

पण खरी महाराष्ट्रातली घटना पुण्याची. गेऑर्ग ड्यूटर हा जर्मन वादक. 1971 मध्ये म्युनिकच्या कुकुक कंपनीने त्याची 'डी' नावाची तबकडी काढली. फझ गिटार, सतारीसारखे झंकार, टेपवरचे आवाज असा अस्सल सायकेडेलिक माल. पुढच्या वर्षी 'आउम' आली. मग तो पुण्याला कोरेगाव पार्कच्या रजनीश आश्रमात आला आणि चैतन्य हरी झाला. रजनीशांबद्दल कुणाचं मत काहीही असो, तिथे एका रॉक वादकाला जे काम मिळालं तसं जगात क्वचितच कुणाला मिळालं असेल. त्याला ध्यानाच्या विधींसाठी घड्याळ लावून संगीत करायचं होतं. कुंडलिनी ध्यान तासाभराचं, पंधरा-पंधरा मिनिटांचे चार टप्पे: आधी अंग थरथरू द्यायचं, मग नाचायचं, मग स्वस्थ बसायचं किंवा उभं राहायचं, शेवटी आडवं व्हायचं. पहिल्या तीन टप्प्यांना संगीत, चौथा पूर्ण निःशब्द. नादब्रह्म ध्यानात पहिला अर्धा तास ओठ मिटून गुंजन करायचं, म्हणजे तिथे साधकच तानपुरा होतो आणि संगीताने त्याच्या खाली राहायचं. सक्रिय ध्यानात दहा मिनिटं अस्ताव्यस्त श्वास, दहा मिनिटं आरडाओरडा, दहा मिनिटं उड्या, आणि मग एकदम थांबा.

यात संगीतकाराला टाळ्यांसाठी काहीच करता येत नाही. सोळाव्या मिनिटाला नाच सुरू व्हायला हवा म्हणजे हवाच. संगीत फार रंजक झालं तर बसलेला माणूस ध्यान सोडून संगीत ऐकू लागेल, आणि फार फिकं झालं तर झोपेल. ईनो विमानतळासाठी ज्या तोलाचा विचार करत होता, तो तोल पुण्यात रोज शेकडो अंगांवर तपासला जात होता. ध्यान न करता नुसती या संगीताची ध्वनिफीत ऐकली तर काही भाग कंटाळवाणे वाटतात, हेही कबूल. कामासाठी केलेल्या संगीताला काम सोडून तोलणं तसं अन्यायाचंच. पुढे ड्यूटर अमेरिकेत न्यू मेक्सिकोला गेला आणि त्याच्या संगीताची धार बोथट झाली. मसाजच्या टेबलाशेजारी आज जे बासरी-पाणी-घंटा वाजतं, त्याचं पितृत्व थोडंफार त्याच्याकडे जातं. जपानच्या फार ईस्ट फॅमिली बँडमधल्या कितारोची कथाही अशीच. शुल्त्सेने त्या बँडच्या तबकडीची निर्मिती केली होती, कितारो पुढे 1980 च्या 'सिल्क रोड'ने जगभर पोचला, आणि गोडवा इतका वाढला की खाली दाणा सापडेना.

गोव्याचा रस्ता वेगळा. हणजुणे किनाऱ्यावर सत्तरच्या दशकात पौर्णिमेच्या रात्री रॉक वाजायचं, तेही हाताने. सॅन फ्रान्सिस्कोच्या अ‍ॅसिड रॉकच्या काळात वाढलेला गिल्बर्ट लेव्ही 1970 च्या सुमारास तिथे आला आणि गोवा गिल म्हणून ओळखला जाऊ लागला (2023 मध्ये तो गेला). ऐंशीच्या दशकात हळूहळू गिटारी मागे पडल्या आणि टेप पुढे आल्या. उन्हात तबकड्या वाकतात, म्हणून कॅसेट आणि नंतर डॅट, म्हणजे डिजिटल टेप. फ्रेड डिस्को, लॉराँ अशी मंडळी युरोपातल्या गाण्यांमधून शब्द कापून नुसता वाद्यांचा भाग जोडायची. रात्रीचं संगीत काळंकुट्ट आणि दणकट, उजाडताना मात्र सूर मोकळे, असा तो क्रम होता. आमच्या भंडाऱ्याकडच्या वाचकाला हे ओळखीचं वाटेल. झाडीपट्टीचं नाटक रात्री उशिरा उभं राहतं ते पहाटेपर्यंत चालतं, आणि त्याचा प्रेक्षक तीन मिनिटांच्या हिशोबाने ऐकायला बसत नाही. पुण्या-मुंबईच्या श्रोत्यापेक्षा तो या बाबतीत पुढे आहे, असं मला वाटतं.

गोव्याच्या गोतावळ्यातला राजा राम हा मूळचा ऑस्ट्रेलियन बासरीवादक, 1969 च्या लंडनमधल्या क्विंटेसन्स या सायकेडेलिक बँडचा. पन्नाशी ओलांडल्यावर सायमन पॉसफर्डबरोबर त्याने श्पाँगल हा प्रकल्प सुरू केला. भारतात पाहिलेल्या खग्रास सूर्यग्रहणातून त्यांची पहिली रचना सुचली आणि 1998 मध्ये पहिली तबकडी आली. ध्वनीची कारागिरी अफाट, पण मंत्र, सतार, तबला हे सगळं फोडणीसारखं टाकण्याची गोव्याची खोड तिथेही आहे. ओंकाराचा तुकडा कापून चिकटवला की गहनता येते, असा समज या संगीतात फार आहे, आणि त्याला सगळ्यात कमी भुलायला हवं ते आपण.

स्टीव्ह हिलेज त्या मानाने संयमी. गाँग या बँडचा गिटारवादक. 1979 मध्ये लंडनच्या एका मेळ्यातल्या घुमटासाठी त्याने आणि मिकेट जिरोडी हिने 'रेनबो डोम म्युझिक' केलं. वाहतं पाणी, घंटा, आणि त्यावर गिटार, जी गिटार वाटतच नाही. इथे आपल्या जिल्ह्याची मदत घेतो. भंडाऱ्याच्या पितळी घागरीवर टिचकी मारा. आधी 'टण्' येतं, मग बराच वेळ घुमत राहतं. आता कल्पना करा की 'टण्' कापून टाकलं आणि घुमणं तेवढं ठेवलं. हिलेज तारेवरचा आघात ऐकूच येऊ देत नाही. आवाज आधीपासून तिथे होता आणि आपण फक्त त्याच्याकडे वळलो, असं वाटतं. दहा वर्षांनी लंडनच्या एका नाचघराच्या विसाव्याच्या खोलीत अ‍ॅलेक्स पॅटरसन हीच तबकडी वाजवत होता. योगायोगाने हिलेज तिथे आला आणि त्याने ओळख दिली. त्यातून पॅटरसनच्या द ऑर्ब या गटाशी मैत्री झाली, 1992 मध्ये 'ब्लू रूम' ही चाळीस मिनिटांना दोन सेकंद कमी असलेली रचना आली आणि ब्रिटिश लोकप्रियतेच्या यादीत आठव्या क्रमांकावर पोचली. टीव्हीवर ती सादर करताना मंडळींनी वाद्यं वाजवलीच नाहीत, बुद्धिबळ खेळत बसली. 2010 मध्ये त्याच ऑर्बबरोबर पिंक फ्लॉइडचा डेव्हिड गिल्मर गिटार घेऊन बसला. म्हणजे नातवंडांच्या घरी आजोबा.

नशेचा प्रश्न राहतो. हे संगीत नशेखोरांचं, असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं, आणि गोव्याच्या किनाऱ्यांचा इतिहास पाहता त्याला आधारही आहे. पण शुल्त्से किंवा ग्योट्शिंग ऐकायला कुठल्याही पदार्थाची गरज नाही. उलट धुंदीत सगळंच थोर वाटतं आणि बऱ्या-वाईटातला फरक कळत नाही. शुद्धीवर ऐकलं की गोव्यातली बरीच फोडणी आपोआप गळून पडते.

माझा कौल असा: आत रॉकवाल्याचा हात जिवंत आहे, खालून खरखर येते, सूर कुठेतरी सरकतो, ते संगीत टिकलं. खरखर पुसून गुळगुळीत केलं ते हॉटेलच्या लिफ्टमध्ये गेलं. सुरुवात 'ई2-ई4'ने करू नका, तासभर दम धरवणार नाही. ग्योट्शिंगचं 1976 चं 'न्यू एज ऑफ अर्थ' घ्या, मग 'फेड्रा', मग 'होझियाना मंत्रा', आणि मग पुण्यातल्या ड्यूटरचं कुंडलिनी, शक्य तर चारही टप्पे पाळून. रात्री जेवणं आटोपल्यावर, पंखा बंद करून ऐका. फक्त मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. खर्जातले सूर त्यातून बाहेरच येत नाहीत, आणि या संगीताचा अर्धा जीव खर्जात आहे.